रस्त्यावरील किशोरवयीन हिंसा आणि समाजाचा प्रतिसाद : मँचेस्टर, ग्लासगो आणि आपण

प्रस्तावना

किशोरवयीन मुलांच्या टोळक्याने वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसाला मारहाण करावी, ओळीने उभ्या असलेल्या वाहनांच्या काचा फोडाव्यात, दुकानदाराच्या अंगावर धावून जावे, अशा घटनांवरील चर्चेत एक वाक्य हमखास ऐकू येते : 'पूर्वी असे नव्हते.' इतिहासाच्या अभ्यासकाला या वाक्यापाशी थांबणे भाग आहे. इंग्लंडमधील समाजशास्त्रज्ञ जेफ्री पिअर्सन यांनी 'हूलिगन : अ हिस्टरी ऑफ रिस्पेक्टेबल फिअर्स' या १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हेच वाक्य हाती धरून एकेक पिढी मागे जाण्याचा उद्योग केला. १९८० च्या सुमारास लोकांना वाटे की वीस-तीस वर्षांपूर्वी रस्ते सुरक्षित होते. तेथे जाऊन पाहावे तर त्या काळची माणसेही युद्धपूर्व काळाकडे बोट दाखवत होती आणि युद्धपूर्व काळातील माणसे त्याच्याही मागे. हा शोध शतकानुशतके मागे नेला तरी तो सुवर्णकाळ हाती लागत नाही.

पिअर्सन यांच्या या प्रतिपादनातून एक सोयीस्कर निष्कर्ष काढण्याचा मोह अभ्यासकांना होतो. तो असा की, ही सारी मध्यमवर्गाची भीती आहे आणि मुळात काही घडलेलेच नाही. प्रस्तुत लेखकास तो मान्य नाही. डोके फुटलेल्या माणसाला, तुमच्या आजोबांच्या काळीही डोकी फुटत होती, हे सांगून काही साधत नाही. इतिहासाला विचारावयाचा खरा प्रश्न वेगळा आहे. अशी हिंसा पूर्वीही अनेकदा उसळली आणि अनेकदा ओसरली, तर ती ओसरताना त्या त्या समाजाने नेमके काय केले होते? प्रस्तुत लेखात मँचेस्टर आणि ग्लासगो या दोन शहरांच्या अनुभवांचा काहीसा विस्ताराने आणि इतर काही प्रसंगांचा ओघाने विचार करून, आपल्याकडील परिस्थितीच्या संदर्भात त्यांचा अर्थ लावण्याचा प्रयत्न केला आहे.

मँचेस्टरचे स्कटलर

१८७० ते १९०० या काळात मँचेस्टर आणि लगतच्या सॅल्फर्ड शहरात 'स्कटलर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या किशोरांच्या टोळ्या होत्या. आरंभी हा प्रकार कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट मुलांमधील दगडफेकीचा होता. पुढे धर्म मागे पडला आणि गल्ली पुढे आली. टोळीला नाव असे ते रस्त्याचे किंवा वस्तीचे. अँकोट्स, अँजेल मेडो, गॉर्टन या कामगारवस्त्यांतील मुले परस्परांच्या हद्दीत शिरत आणि चाकू, दगड व कमरेचे पट्टे घेऊन लढत. पट्टा हे त्यांचे खास शस्त्र होते. त्याचे एक टोक मनगटाभोवती गुंडाळायचे आणि जड पितळी बक्कल मोकळे सोडून फिरवायचे. याच पट्ट्यावर पितळेच्या टाचण्यांनी नक्षी केलेली असे. पायात पितळी टोकाचे लाकडी बूट, खाली घोळदार विजार, गळ्यात रेशमी रुमाल आणि कपाळावर ओढलेली झुलपे, हा त्यांचा थाट. मुलींचाही या टोळ्यांत सहभाग होता, ही बाब इतिहासकार अँड्र्यू डेव्हिस यांच्या संशोधनामुळे पुढे आली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ही मुले बेकार नव्हती. त्यांतील बहुतेक चौदा ते एकोणीस वर्षांची असून गिरण्यांत, ओतशाळांत, गोदामांत कामाला जात. आठवड्याच्या आठवड्याला हाती पगार येई आणि त्यातला काही भाग घरी देऊन उरलेला खिशात राही. रिकामा हात म्हणजे उपद्रवी हात, हे आपले आवडते समीकरण येथे लागू पडत नाही. त्यांच्यापाशी पैसा थोडाफार होता. जागा मात्र नव्हती. घर एका-दोन खोल्यांचे आणि माणसांनी भरलेले. त्यामुळे संध्याकाळ काढायची ती रस्त्याच्या कोपऱ्यावरच, आणि तो कोपरा 'आपला' असणे हीच मुलाची प्रतिष्ठा.

'मँचेस्टर गार्डियन'साठी न्यायालयीन वार्ताहर म्हणून काम करणाऱ्या अलेक्झांडर डिव्हाइन या तरुणाने १८९० साली 'स्कटलर्स अँड स्कटलिंग' ही पुस्तिका प्रसिद्ध केली. या हिंसेची त्याने चार कारणे सांगितली : आईबापांचा धाक नसणे, शाळांत शिस्त नसणे, हलक्या दर्जाचे वाङ्मय आणि गरीब वस्त्यांतील जीवनाचा कंटाळवाणेपणा. यातील पहिली तीन कारणे आजच्या कोणत्याही परिसंवादात जशीच्या तशी ऐकावयास मिळतील. एक पेनीला मिळणाऱ्या साहसकथांच्या जागी भ्रमणध्वनी ठेवला की काम भागते. चौथे कारण मात्र न्यायालयाच्या बाकावर बसून रोज ती मुले पाहणाऱ्या माणसालाच सुचावे असे आहे. डिव्हाइन नुसते लिहून थांबला नाही. पोलीस न्यायालयात येणाऱ्या मुलांसाठी त्याने वसतिगृह काढले आणि पुढे तो शिक्षणक्षेत्रातच रमला.

शासनयंत्रणा हातावर हात ठेवून बसली होती असे नाही. स्ट्रेंजवेज तुरुंगात अशा मुलांची रीघ लागली होती. १८९२ साली अँकोट्समधील एका सोळा वर्षांच्या मुलाला दुसऱ्या टोळीतील मुलाच्या खुनाबद्दल फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. ती नंतर जन्मठेपेत रूपांतरित झाली. परंतु तुरुंगवासाचा परिणाम अपेक्षेच्या उलटही होई. आत जाऊन आलेल्या मुलाचे वजन कोपऱ्यावर वाढे, कमी होत नसे.

स्कटलिंग विसाव्या शतकाच्या तोंडाशी ओसरले. ते कशामुळे ओसरले याविषयी इतिहासकारांनी अनेक कारणे पुढे केली आहेत. काही अतिशय दाट वस्त्या पाडून नव्या इमारती उठल्या, फुटबॉलचे वेड पसरले, पुढे चलच्चित्रपट आले. यांतील कोणत्याही एका कारणाच्या पदरात सर्व श्रेय टाकणे पुराव्याला धरून होणार नाही. तथापि 'लॅड्स क्लब' या संस्थेचा विचार येथे वेगळा करणे आवश्यक आहे, कारण ती समाजाने जाणूनबुजून केलेली कृती होती. ह्यू ओल्डहॅम लॅड्स क्लब १८८८ साली निघाला. सॅल्फर्ड लॅड्स क्लब १९०३ साली स्थापन झाला आणि पुढील वर्षी बेडन-पॉवेल यांच्या हस्ते त्याच्या इमारतीचे उद्घाटन झाले. त्यांत मुष्टियुद्ध, व्यायाम, खेळ, वाचन, संगीत अशी व्यवस्था असे आणि उन्हाळ्यात शिबिर निघे. क्लब ज्या वस्तीत मुले भांडत त्याच वस्तीत असे आणि मुले ज्या वेळी भांडत त्याच वेळी, म्हणजे संध्याकाळी, उघडा असे.

अँकोट्समधील हेरॉड स्ट्रीट क्लबात चार्ल्स रसेल या कार्यकर्त्याने अनेक वर्षे काम केले. त्याच्या 'मँचेस्टर बॉइज' (१९०५) या पुस्तकात स्कटलर ही भूतकाळात जमा होत चाललेली बाब म्हणून येते आणि तिच्या ऱ्हासाचे बरेच श्रेय तो क्लबांना देतो. तो स्वतःच क्लबवाला असल्यामुळे त्याची साक्ष थोडी सावधपणेच घ्यावी लागेल. तरीही त्या पुस्तकातील एक गुण नजरेत भरतो. रसेलला मुले माहीत आहेत. कोण कोठे काम करतो, काय खातो, पैसे कशावर उडवतो, कोणाचा बाप दारू पितो, हे त्याला ठाऊक आहे. त्याच काळातील वृत्तपत्रांना ठाऊक होते ते फक्त 'स्कटलर'.

संतापाच्या भरातील कायदे

आता थोडे मागे, लंडनकडे जाऊ. तेथील प्रसंग किशोरांचा नाही. रस्त्यावरील हिंसेला कायद्याने दिलेल्या उत्तराचा तो नमुना आहे. जुलै १८६२ मध्ये संसदेतून बाहेर पडलेल्या पिल्किंग्टन या सभासदाला पाठीमागून गळा आवळून लुटण्यात आले. त्यानंतर काही महिने वृत्तपत्रांत गळा आवळणाऱ्या लुटारूंखेरीज विषय नव्हता. १८६३ साली संसदेने अशा गुन्ह्यांसाठी फटक्यांची शिक्षा पुन्हा आणली. गंमत अशी की कायदा अमलात येईपर्यंत ती लाट आधीच ओसरली होती. फटक्यांमुळेच लूटमार थांबली, ही समजूत मात्र पुढे पाऊणशे वर्षे टिकली आणि प्रत्येक नव्या घबराटीच्या वेळी ती उदाहरण म्हणून पुढे केली गेली. अखेर १९३८ साली कॅडोगन समितीने आकडेवारी तपासून, फटक्यांमुळे गुन्हे कमी होतात असे म्हणण्यास आधार नाही, असा निर्वाळा दिला आणि १९४८ साली न्यायालयीन शिक्षा म्हणून फटके रद्द झाले.

अमेरिकेत १९९० च्या दशकात याचीच पुनरावृत्ती झाली. राज्यशास्त्रज्ञ जॉन डिलुलिओ यांनी १९९५ साली 'सुपरप्रीडेटर' ही संज्ञा रूढ केली. लवकरच निर्दय, विवेकशून्य किशोरांची एक पिढी रस्त्यांवर उतरणार असल्याचे भाकीत त्यांनी केले. बहुतेक सर्व राज्यांनी त्या दशकात अल्पवयीनांना प्रौढांच्या न्यायालयात नेण्याचे मार्ग रुंद केले. प्रत्यक्षात किशोरवयीनांची हिंसा त्याच सुमारास उतरणीला लागली होती आणि पुढे ती उतरतच गेली. डिलुलिओ यांनी आपले भाकीत चुकल्याचे नंतर मान्य केले. २०१२ सालच्या मिलर खटल्यात अल्पवयीनांच्या सक्तीच्या आजन्म कारावासाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात सादर झालेल्या निवेदनावर त्यांचे नाव आहे. कायद्यांना मात्र असे सहज मागे घेता येत नाही.

आपल्याकडील २०१५ चा बाल न्याय अधिनियमही याच पद्धतीने आला. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या अत्याचार प्रकरणातील एक आरोपी अठरा वर्षांना काही महिने कमी होता. तीन वर्षांची कमाल मुदत संपून २० डिसेंबर २०१५ रोजी तो सुटला आणि २२ डिसेंबरला राज्यसभेने विधेयक संमत केले. सोळा ते अठरा वयोगटातील मुलाने निर्घृण गुन्हा केल्याचा आरोप असल्यास, बाल न्याय मंडळाच्या प्राथमिक निर्धारणानंतर त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालविण्याची तरतूद त्यात आहे. त्या संतापामागील दुःख खरे होते, यात शंका नाही. परंतु राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०१३ च्या आकडेवारीनुसार देशातील भारतीय दंड संहितेखालील एकूण गुन्ह्यांत अल्पवयीनांचा वाटा सुमारे १.२ टक्के होता. उरलेल्या जवळजवळ ९९ टक्क्यांवर त्या दिवसांत झालेल्या चर्चेचे प्रमाण काय होते, याचा अभ्यास एखाद्या विद्यार्थ्याने करण्यासारखा आहे.

यावरून कठोर कायदा नकोच, असा अर्थ काढू नये. सांगावयाचे आहे ते एवढेच की, संतापाच्या भरात केलेला कायदा 'किशोर' या साऱ्या वर्गाला उद्देशून बोलतो आणि हिंसा करणारा तर त्या वर्गातील एक अगदी लहान, ओळखता येण्याजोगा गट असतो. हा मुद्दा अमेरिकेतीलच एका शहराने त्याच दशकात सिद्ध करून दाखविला.

बॉस्टन : यादी करण्याची पद्धत

१९९१ ते १९९५ या काळात बॉस्टनमध्ये चोवीस वर्षांपर्यंतचे सरासरी ४४ तरुण दरवर्षी खून होऊन मरत होते. हार्वर्ड विद्यापीठातील डेव्हिड केनेडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलीस, परिवीक्षा अधिकारी आणि वस्त्यांत काम करणारे कार्यकर्ते यांना एकत्र बसवून साध्या गोष्टी विचारल्या. कोणत्या टोळ्या? कोठे? कोणाचे कोणाशी वैर? बाहेरून 'कारणाविना' वाटणाऱ्या त्या हिंसेचा नकाशा तयार झाला. शहरात सुमारे साठ टोळ्या आणि जास्तीत जास्त तेराशे मुले निघाली. ही संख्या शहरातील तरुणांच्या एक टक्क्याहूनही कमी होती आणि निम्म्याहून अधिक तरुण-हत्यांचा संबंध तिच्याशी होता. १९९६ पासून या मुलांना समोर बसवून सांगण्यात येऊ लागले की, यापुढे कोणत्याही टोळीतल्या एकाने गोळी झाडली तर कारवाई सगळ्या टोळीवर होईल. आणि ज्याला यातून बाहेर पडायचे आहे त्याला शिक्षण, काम, आसरा मिळेल. कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांची १९९२ मध्ये स्थापन झालेली 'टेन पॉइंट कोअलिशन' ही संघटना या कामात होती. एका अंत्यविधीच्या वेळी चर्चमध्येच हिंसाचार झाल्यावर हे उपदेशक व्यासपीठ सोडून रात्री रस्त्यांवर फिरू लागले होते. १९९६ मध्ये तरुणांच्या खुनांची संख्या २६ वर आणि १९९७ मध्ये १५ वर आली. पुढे २००० नंतर माणसे पांगली, उपक्रम विस्कळीत झाला आणि खून पुन्हा वाढले.

ग्लासगो : एक फसलेला आणि एक टिकलेला प्रयत्न

ग्लासगोचा इतिहास या विषयात विशेष बोलका आहे, कारण तेथे एकाच शहराने एकाच प्रश्नाला निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे दिली. १९२० व १९३० च्या दशकांत वस्तरा हे शस्त्र वापरणाऱ्या टोळ्यांनी ते शहर कुप्रसिद्ध झाले होते. १९३१ साली पोलीसप्रमुख म्हणून आलेल्या पर्सी सिलिटो यांनी दंडुक्याच्या बळावर त्या मोडल्या, अशी ख्याती आहे. परंतु १९६० च्या दशकात नव्या टोळ्या उभ्या राहिल्या, त्या शहराच्या कडेला वसविलेल्या ईस्टरहाउससारख्या नव्या वसाहतींत. घरे नवी होती, भिंतींना ओल नव्हती; पण हजारो कुटुंबांच्या त्या वसाहतीत मुलांना बसायला, खेळायला जागा जवळजवळ नव्हती. अँकोट्सची दाटी गेली आणि कंटाळा तेवढा उरला.

१९६८ साली लोकप्रिय गायक फ्रँकी व्हॉन यांनी ईस्टरहाउसला जाऊन टोळ्यांच्या म्होरक्यांशी बोलणी केली. शस्त्रे टाकण्यासाठी मुदत ठरली, मुलांनी ती आणून टाकली, छायाचित्रे जगभर गेली. युवककेंद्राचा प्रकल्पही उभा राहिला. गायकाचा हेतू प्रामाणिक होता आणि त्याने पुढेही लक्ष घातले. परंतु वृत्तपत्रांचे लक्ष उडाले, पैसा आटला, तंटे वाढले आणि टोळ्या होत्या तेथेच राहिल्या. प्रसिद्ध व्यक्तीने वस्तीत येणे आणि वस्तीत कोणी राहणे यांत किती अंतर असते, ते या प्रसंगातून दिसते.

२००४-०५ या वर्षी स्कॉटलंडमध्ये १३७ माणसांचे खून झाले. त्यांत ग्लासगो व पश्चिम भागाचा वाटा मोठा होता, हत्यार बहुधा चाकू आणि मारणारा व मरणारा दोघेही बहुधा तरुण. जानेवारी २००५ मध्ये स्ट्रॅथक्लाइड पोलीस दलाने 'व्हायोलन्स रिडक्शन युनिट' हा कक्ष काढला. त्याचे प्रवर्तक दोन होते : गुन्हेविश्लेषक कॅरिन मॅक्लस्की आणि खुनांचा तपास करण्यात आयुष्य घालविलेले अधिकारी जॉन कार्नोकन. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ च्या अहवालात हिंसेला सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हटले होते. या दोघांनी ते वाक्य गांभीर्याने घेतले. साथ आली तर वैद्य रोग्यावर रागावत बसत नाही. लागण कोठून होते, कोणाला होण्याचा संभव अधिक, हे तो पाहतो. कार्नोकन तर सांगत की, एक हजार पोलीस आणि लहान मुलांच्या घरी जाणाऱ्या एक हजार आरोग्यसेविका यांत निवड करायची झाली तर आपण आरोग्यसेविका घेऊ. खुनांचा तपास करणाऱ्या माणसाच्या तोंडी हे वाक्य आहे, म्हणून त्याला महत्त्व.

२००८ मध्ये बॉस्टनच्या धर्तीवर ग्लासगोच्या पूर्व भागात एक उपक्रम सुरू झाला. टोळ्यांतील मुलांना न्यायालयाच्या दालनात बोलाविले जाई. खटला नसे. प्रथम पोलीस अधिकारी उठून, आम्ही तुम्हाला ओळखतो, असे सांगे. मग शल्यचिकित्सक चाकूने चिरलेला चेहरा शिवताना काय दिसते ते सांगे. एखादी आई आपल्या मुलाविषयी बोले. शेवटी एक दूरध्वनी क्रमांक दिला जाई आणि तो फिरविणाऱ्या मुलाला खरोखर माणूस भेटे. या उपक्रमाचे जे मूल्यमापन झाले ते प्रामाणिक आहे. सहभागी मुलांमध्ये हत्यार बाळगण्याचे प्रमाण, तुलनेसाठी निवडलेल्या मुलांपेक्षा, स्पष्टपणे घटले. प्रत्यक्ष मारहाणीच्या बाबतीत घट दिसली, पण ती दोन्ही गटांत होती आणि दोहोंतील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही. तो उपक्रम काही वर्षांत संपला, कक्ष मात्र राहिला. शाळा, रुग्णालयांचे अपघात विभाग, नोकरी देणारे मालक असे धागे तो जोडत गेला, आणि पुढील दशकात स्कॉटलंडमधील वार्षिक खुनांची संख्या २००४-०५ च्या निम्म्याहून खाली आली. चाकू बाळगण्याबद्दलच्या शिक्षाही याच काळात वाढल्या होत्या, हे नोंदविले पाहिजे. ग्लासगोने दंड सोडला नव्हता. दंडाच्या शेजारी दुसरे काहीतरी ठेवले होते आणि ते सरकार बदलले तरी तेथून उचलले नाही.

मुंबई इलाखा ते पुणे

मुंबई इलाख्याला हा प्रश्न नवीन नव्हता. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून मुंबईत १८५७ मध्ये सुधारशाळा निघाली. ही मँचेस्टरच्या क्लबांपेक्षा तीस वर्षे जुनी संस्था. १९२४ च्या मुंबई मुलांच्या कायद्याने या प्रांतात मुलांसाठी वेगळी न्यायव्यवस्था आकारास आणली. मद्रास व बंगाल या प्रांतांपाठोपाठचे ते पाऊल होते. म्हणजे संस्था आपल्यापाशी शंभर-दीडशे वर्षांपासून आहेत. पण या सर्व संस्था मूल पकडले गेल्यावर सुरू होतात. पकडले जाण्याआधीची संध्याकाळ कोणाच्या हाती, याचे उत्तर आपल्याकडे सरकारी कागदांत सापडत नाही. ते तालमींत, व्यायामशाळांत, सेवादलाच्या शाखांत सापडते. राष्ट्र सेवा दलाची १९४१ मध्ये उभारणी झाल्यानंतर वस्त्यावस्त्यांतून संध्याकाळी भरणाऱ्या शाखा, गिरणगावातील व्यायामशाळा, वाचनालये आणि क्रीडामंडळे, पुण्याच्या पेठांतील तालमी यांनी जे काम केले त्याला कोणी गुन्हेप्रतिबंध असे नाव दिले नाही. तालमीत वस्तादाला पोराचा बाप ठाऊक असे आणि पोराला ते ठाऊक असे. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातील ही वीण उसवत गेली. त्या भागातील काही तरुण टोळ्यांकडे वळले, त्याचा संबंध बेकारीशी जोडला जातो आणि तो योग्यच आहे. पण त्याबरोबर संध्याकाळीही उजाड झाल्या होत्या, हे सहसा बोलले जात नाही.

पुण्यात २०२२ च्या अखेरीपासून हातात कोयते नाचवीत दुकाने व वाहने फोडणाऱ्या, दिसेल त्याच्यावर धावून जाणाऱ्या मुलांच्या बातम्या सातत्याने येऊ लागल्या आणि वृत्तपत्रांनी त्यांना 'कोयता गँग' हे एकच नाव दिले. वास्तविक ती एक टोळी नाही. निरनिराळ्या भागांतील निरनिराळी टोळकी आहेत. एकच नाव दिल्यामुळे बातमीची सोय झाली आणि मुलांना बिल्ला मिळाला. लंडनच्या वृत्तपत्रांनी १८९८ च्या उन्हाळ्यात 'हूलिगन' हा शब्द पसरविला तेव्हाही हेच घडले होते. कोयता हे तर ऊसतोडीचे, नारळ सोलण्याचे रोजचे अवजार. ग्लासगोचा वस्तरा, मँचेस्टरचा पट्टा, पुण्याचा कोयता : जे हाताशी असते तेच उगारले जाते. म्हणून कोयत्याच्या विक्रेत्यांनी खरेदीदारांची नोंद ठेवावी, या पोलिसांच्या सूचनेतून फार काही हाती लागेल असे वाटत नाही. पकडलेल्या संशयितांना त्यांनी दहशत माजविली त्याच भागातून पायी फिरविण्याचे प्रकारही झाले. घाबरलेल्या रहिवाशांना त्यामुळे दिलासा मिळाला असेल, पण स्ट्रेंजवेजहून परतलेल्या स्कटलरचा अनुभव पाहता, त्या फेरीच्या चित्रफिती कोण कशासाठी जपून ठेवतो, याचा विचार व्हावयास हवा.

आपल्या शासकीय परिभाषेत अशा मुलाला 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. शब्द सौजन्यपूर्ण आहे, पण तो उच्चारून कोणी हाक मारू शकत नाही. बॉस्टनने जे केले, म्हणजे पोलीस ठाण्यातील हवालदार, परिवीक्षा अधिकारी, शाळा सोडल्याची नोंद करणारे मुख्याध्यापक आणि वस्तीतील मंडळाचे कार्यकर्ते यांना एका टेबलाभोवती बसवून नावे लिहिणे, त्याला नवा कायदा लागत नाही. ती यादी फक्त पोलिसांची राहिली तर ती संशयितांची यादी होते आणि वस्तीवर, जातीवर, आडनावावर घसरते. आपल्याकडे हा धोका अधिकच आहे. गुन्हेगार जमातींच्या १८७१ च्या कायद्याने जन्मावरून याद्या केल्या आणि त्या कायद्याचे ओझे भटक्या-विमुक्तांच्या पाठीवरून अद्याप पुरते उतरलेले नाही. म्हणून ज्या टेबलावर नावे लिहिली जातील तेथे त्या मुलांना काही देऊ शकणारी माणसे बहुसंख्येने बसलेली असली पाहिजेत.

महाविद्यालयांपुरते बोलायचे तर, आपल्यापाशी १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजना आहे. प्रत्येक स्वयंसेवकाला दोन वर्षांत २४० तास काम करावयाचे असते. त्याशिवाय सात दिवसांचे निवासी शिबिर होते. शिबिर बहुधा दूरच्या गावी जाते, तेथे श्रमदान होते, शेवटच्या दिवशी छायाचित्र निघते आणि गाव पुन्हा दिसत नाही. ईस्टरहाउसची आठवण यावी असा हा प्रकार आहे. हेच तास महाविद्यालयाच्या भिंतीला लागून असलेल्या वस्तीत, आठवड्यातून दोन ठरलेल्या संध्याकाळी, एखाद्या पालिका शाळेची खोली उघडून खर्च केले तर दोन वर्षांनी एक स्वयंसेवक जाईल तेव्हा दुसरा त्याच खोलीत, त्याच मुलांना ओळखत येईल. खोलीची किल्ली कोणाकडे राहावी, वीजबिल कोणी भरावे आणि रात्री दहापर्यंत थांबणारा प्राध्यापक कोण, हे प्रश्न प्राचार्यांच्या बैठकीत सुटण्यासारखे आहेत. त्यांतील तिसरा अवघड आहे.